गरोदरपणातील नेहमीच्या तक्रारी : सोसायच्या कोणत्या, दाखवायच्या कोणत्या?



या पानावर माझे लेख आपण वाचता ते लागणीचे, खताच्या मात्रेचे, नाहीतर हुमणीचे. या वेळचा विषय वेगळा आहे. "ऊस विकास अधिकाऱ्याला बायकांच्या गरोदरपणातले काय कळते?" असे कोणी म्हणेल. खरे आहे. मी डॉक्टर नव्हे, कृषी पदविका घेतलेला माणूस. पण आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्यात चूक माझी होती, आणि तीच चूक आपल्या गावागावांत रोज होत असावी असे मला वाटते. म्हणून हा धडा लिहायला बसलो. लिहिलेला मजकूर आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टर बाईंकडून तपासून घेतला आहे, तेव्हा निर्धास्त वाचावा. मात्र पुरुष सभासदांनी "हे बायकांचे पान" म्हणून उलटू नये. हा लेख त्यांच्यासाठीच जास्त आहे.

आपल्या कृष्णा-वारणा काठच्या किती तरी लेकी लग्न होऊन उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे गेल्या आहेत. जावई तिकडे कारखान्यात किंवा मुंबईत नोकरीला, आणि जागा परवडते ती बदलापूर-अंबरनाथला. पहिले बाळंतपण माहेरी करायचे ही आपली रीत. त्यामुळे या पोरी सातव्या महिन्यात महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याणला बसतात आणि पहाटे सांगली-मिरजेला उतरतात. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली हीच गाडी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली, ते आपल्याला आठवत असेल. हजारावर प्रवासी रात्रभर पाण्याच्या वेढ्यात होते. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल, हवाई दल, लष्कर, रेल्वे आणि आसपासच्या गावकऱ्यांनी सगळ्यांना सुखरूप बाहेर काढले. त्या प्रवाशांत नऊ गरोदर बाया होत्या.

त्यानंतरच्याच एका पावसाळ्यात माझी पुतणी बदलापुरात सातव्या महिन्यात होती. तिची गोष्ट पुढे ओघाने येईल. आधी मुख्य मुद्दा.

पाचट आणि पोंगा

उसाची खालची पाने वाळली म्हणून कोणी घाबरत नाही. ऊस वाढतो तशी खालची पाने वाळणारच, त्याचेच पाचट होते. पण कोवळ्या उसाचा मधला पोंगा वाळलेला दिसला, तर आपण लगेच कोंब उपटून पाहतो, कारण ती खोडकीड असते. दोन्ही ठिकाणी वाळलेले पानच दिसते, पण एक वाढीचे लक्षण आणि दुसरे रोगाचे.

गरोदरपणाचेही तसेच आहे. बहुतेक त्रास 'पाचट' असतात, म्हणजे शरीर बदलते म्हणून होणारे. ते साध्या उपायांनी हलके करता येतात. थोडे त्रास 'पोंगा' असतात. ते दिसले की वाट पाहायची नसते. आपली अडचण अशी की आपण दोन्हींना एकच उत्तर देतो, "गरोदरपणात असं होतंच." आता एकेक तक्रार घेऊ.

१. मळमळ आणि उलट्या

दुसऱ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतात आणि बहुतेकींच्या चौथ्या महिन्यापर्यंत थांबतात. पोट रिकामे राहिले की त्रास वाढतो. माझी पुतणी सकाळच्या लोकलमध्ये उलटी होऊ नये म्हणून उपाशीपोटी निघायची, आणि नेमका त्यानेच त्रास वाढायचा. उपाय असा. रात्री उशाशी कोरडे काहीतरी ठेवावे. भाकरीचा कडक तुकडा, चुरमुरे, खाकरा काहीही चालेल. जागे झाल्यावर अंथरुणातच दोन घास खावेत, थोडे थांबून मग उठावे. दिवसातून दोनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. पाणी जेवताना गटागटा न पिता मधल्या वेळेत घोट घोट प्यावे. आल्याचा तुकडा चघळल्याने पुष्कळ जणींना बरे वाटते. फोडणीचा वास सोसत नसेल तर ते काम घरातल्या दुसऱ्या माणसाने करावे. दुसरे माणूस म्हणजे नवराही होऊ शकतो.

आपल्या भागातील एक वाईट सवय इथे सांगितलीच पाहिजे. मळमळ थांबावी म्हणून काही जणी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तो हिरड्यांतून रक्तात जातो आणि बाळापर्यंत पोचतो. तंबाखूने बाळाचे वजन कमी भरते. सासू लावते म्हणून सून लावते, तेव्हा सुरुवात सासूबाईंनीच सोडून करावी.

*दवाखाना केव्हा?* दिवसभर पाण्याचा घोटही ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होते, उभे राहिले की अंधारी येते, वजन उतरते. अशा बाईला सलाईनची गरज असते.

२. छातीत जळजळ, करपट ढेकर

गरोदरपणात जठराच्या तोंडाची पकड सैल पडते आणि पुढे वाढते गर्भाशय खालून दाबते, त्यामुळे आंबट पाणी वर येते. थोडे थोडे जेवावे, तिखट-तळकट आणि चहा कमी करावा, जेवल्यावर दोन तास तरी आडवे होऊ नये, झोपताना उशाकडची बाजू उंच करावी. घरातला खाण्याचा सोडा पाण्यातून घेण्याची पद्धत आहे, ती बंद करावी. गोळी-औषध लागलेच तर डॉक्टरांना विचारून घ्यावे.

*दवाखाना केव्हा?* शेवटच्या महिन्यांत बरगडीखाली, विशेषतः उजव्या बाजूला, जोराचे दुखू लागले तर त्याला पित्त समजू नये. ते रक्तदाबाचे लक्षण असू शकते.

३. बद्धकोष्ठ, मूळव्याध आणि लोहाची गोळी

आतड्यांची चाल मंदावते, त्यात लोहाच्या गोळीने शौच घट्ट आणि काळे होते. काळे झाले म्हणून घाबरू नये आणि त्यासाठी गोळी बंद करू नये. भाकरी, पालेभाजी, मोडाची उसळ, पेरू, भिजवलेले मनुके आणि भरपूर पाणी हा पहिला उपाय. एरंडेल किंवा जुलाबाचे औषध मनाने घेऊ नये. एरंडेलाने गर्भाशय आकुंचन पावू शकते.

लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यायच्या. गोळीने मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर घेऊ नये, वेगळ्या वेळी घ्यावी. नाहीतर खताबरोबर चुना टाकल्यासारखे होते, पिकाला काहीच लागत नाही. आणि आपण ऊस पिकवणारे असलो तरी खरे तेच सांगतो. गूळ-शेंगदाणे खाणे चांगले, पण गूळ हा लोहाच्या गोळीला पर्याय नाही.

माती, खडू, राख खावीशी वाटणे यालाही आपण डोहाळे म्हणतो. बहुधा ते शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण असते. हसण्यावारी न नेता रक्त तपासून घ्यावे.

४. वारंवार लघवी

पहिल्या तीन महिन्यांत आणि शेवटी शेवटी लघवीला वारंवार जावे लागते. गर्भाशय मूत्राशयावर दाब देते, त्याला इलाज नाही आणि गरजही नाही. खरा धोका उलट वागण्यात आहे. पुतणी बदलापूरहून मुंबईला कामाला जायची, म्हणजे साठ-सत्तर किलोमीटरचा प्रवास. लोकलमध्ये संडासाची सोय नसते. म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही आणि आलेली लघवी दाबून ठेवायची. पाचव्या महिन्यात तिला लघवीला जळजळ सुरू झाली, मग थंडी वाजून ताप आला. उल्हासनगरात दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही तोच त्रास. आणि आपल्याकडे शेतात आडोसा नाही म्हणून दुपारपर्यंत दम धरणाऱ्या बायांना तरी वेगळे काय होते? पाणी भरपूर प्यावे, लघवी दाबू नये, निघण्याआधी आणि उतरल्यावर जाऊन यावे. संध्याकाळनंतर पाणी थोडे कमी केले तर चालेल, दिवसा नाही.

*दवाखाना केव्हा?* जळजळ, ताप, लघवीत रक्त, पाठीच्या एका बाजूला दुखणे. लघवीचा संसर्ग अंगावर काढला तर दिवस भरण्याआधीच कळा सुरू होऊ शकतात.

५. पाठ आणि कंबर दुखणे

पोट पुढे येते, तोल सांभाळायला कंबर मागे जाते, सांधे सैल पडतात. खाली वाकून उचलण्यापेक्षा गुडघे वाकवून बसावे आणि मग उचलावे. भरलेली कळशी, वैरणीचा भारा, मोळी उचलू नये. बसताना पाठीला आधार घ्यावा. कुशीवर झोपावे आणि दोन गुडघ्यांमध्ये उशी किंवा गोधडीची घडी ठेवावी. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्याने मोठ्या रक्तवाहिनीवर दाब येऊन घेरी येते, म्हणून कुशीच बरी. शेक चालतो, हलक्या हाताने तेल लावलेले चालते. पोटाचे मालीश मात्र नको. मेडिकलमधून दुखण्याची गोळी परस्पर आणू नये. काही वेदनाशामक गोळ्या बाळाला घातक असतात.

*दवाखाना केव्हा?* ठरावीक अंतराने कंबरेतून कळ येते, पोट दगडासारखे होते आणि दिवस अजून भरलेले नाहीत.

६. पोटरीत गोळे येणे

रात्री झोपेत पोटरीचा गोळा चढतो. पाय सरळ करून पंजा आपल्याकडे ओढावा, गोळा उतरतो. झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण द्यावा, दिवसभर एका जागी उभे राहू नये.

*दवाखाना केव्हा?* एकच पाय सुजला, गरम लागतो आणि दुखतो. अशा पायाला मालीश करू नये. आत रक्ताची गुठळी असू शकते.

७. अंगावरून पांढरे जाणे

पांढरट, पातळ, वास नसलेला स्राव वाढणे नैसर्गिक आहे. सुती कपडा वापरावा, आत पाणी मारून धुऊ नये. घाण वास, खाज, हिरवट-पिवळा रंग, रक्त, किंवा एकदम पाण्यासारखे जाऊ लागले, तर लगेच दाखवावे.

८. सूज

आता माझी चूक.

सातव्या महिन्यात पुतणीचा फोन आला. "तात्या, पायाला सूज आलीया, चप्पल बसत नाही." वहिनी शेजारीच होत्या. मी म्हणालो, "पहिलटकरणीला सूज येतीच की. मीठ तोड, पाणी कमी पी. शनिवारी गाडीत बसवून द्या म्हणावं जावईबापूंना, इथं आली की बरं वाटंल." हे मी ज्या खात्रीने सांगितले त्या खात्रीने मी कोणाला युरियाची मात्रासुद्धा सांगत नाही. त्यासाठी आधी माती तपासायला लावतो.

दोन दिवसांनी तिचे डोके दुखू लागले. शेजारी एक सिंधी बाई राहतात, माहेर त्यांचे उल्हासनगरचे. त्या वाटीभर भाजी द्यायला आल्या. त्यांना दिसले ते आम्हाला फोनवर दिसत नव्हते. पोरीचे तोंड सुजले होते आणि बोटातली अंगठी रुतली होती. त्यांनी विचारले, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का? ती हो म्हणाली. त्यांच्या सुनेला असेच झाले होते, त्यामुळे त्या थांबल्या नाहीत. जावयाला फोन केला आणि रिक्षाने थेट रुग्णालयात नेले. रक्तदाब १७० वर ११० निघाला. लघवीतून प्रथिने जात होती. डॉक्टर जावयाला म्हणाले, आज रात्री ही गाडीत बसली असती तर वाटेत झटके आले असते.

त्या शनिवारचे तिकीट मी काढले होते.

पुढे तीन आठवडे तिला दवाखान्यात ठेवले आणि दिवस भरण्याआधीच बाळंत केले. मुलगी झाली, वजनाला कमी, काचेच्या पेटीत ठेवावी लागली. आज दोघी खुशाल आहेत. पण ते त्या शेजारणीमुळे. आमच्यामुळे नव्हे.

तेव्हा हा नियम घरात लिहून लावा. संध्याकाळी पावलांवर आलेली आणि रात्री झोपून उठल्यावर उतरणारी सूज बहुधा साधी असते. पाय उंच ठेवून बसावे, कुशीवर झोपावे, घट्ट जोडवी-पैंजण काढावेत. मीठ-पाणी मनाने तोडू नये, त्याने गुण येत नाही. तोंडावर, हातांवर सूज, सकाळीही न उतरणारी किंवा एकाएकी वाढलेली सूज, सोबत डोकेदुखी, अंधुक दिसणे, बरगडीखाली दुखणे, ही पोंग्याची खूण आहे. पाच महिन्यांनंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला, तर सूज नसली तरी डॉक्टरांची देखरेख लागते. रक्तदाब डोळ्यांना दिसत नाही, तो मोजावाच लागतो. म्हणून प्रत्येक तपासणीत रक्तदाब, लघवी, वजन आणि हिमोग्लोबिन झाले की नाही हे घरच्यांनी कार्डावर पाहावे.

फवारणीबद्दल

हा माझ्या खात्यातला विषय आहे म्हणून जोर देऊन सांगतो. गरोदर बाईने तणनाशक किंवा कीटकनाशक कालवू नये, फवारलेल्या शेतात लगेच जाऊ नये, फवारणीचे कपडे तिला धुवायला देऊ नयेत. रिकामा डबा घरात पाण्याला वापरू नये. फवारणीनंतर तिला मळमळ, घाम, डोकेदुखी झाली तर ती गरोदरपणाची नव्हे, विषबाधेची समजावी आणि डब्यासकट दवाखान्यात जावे.

माहेरी यायचे तेव्हा

प्रवासाला बंदी नाही, बेत मात्र नीट हवा. निघण्यापूर्वी दोन-तीन दिवसांत रक्तदाब तपासून डॉक्टरांची परवानगी घ्यावी. आठवा महिना संपत येईपर्यंत थांबू नये. रेल्वेत गरोदर बाईला खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे, तिकीट काढताना तसे सांगावे आणि डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवावा. सोबत माणूस हवेच. माता-बाल संरक्षण कार्ड, सगळे रिपोर्ट आणि गोळ्या सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. पाणी आणि कोरडे खाणे एका दिवसाचे जास्त घ्यावे. २०१९ च्या त्या रात्री गाडी मध्येच थांबेल असे कोणाला वाटले होते? तासा-दोन तासांनी उठून डब्यातच चार पावले चालावे. अतिवृष्टीचा इशारा असेल तर तिकीट रद्द करावे. पैसे बुडाले तर बुडू द्यावेत.

तिकडे असताना त्रास झाला तर इकडे फोन करून विचारत बसू नये. उल्हासनगरला सरकारी मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची तपासणी आणि बाळंतपण मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची खास तपासणी असते. १०८ ला फोन केल्यास रुग्णवाहिका येते.

क्षणभर थांबायचे नाही अशी लक्षणे

• अंगावरून रक्त जाणे
• पाणमोट फुटून पाणी जाणे
• जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणे, झटके
• तोंडावर आणि हातांवर सूज
• बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
• दिवस भरण्याआधी कळा
• ताप, धाप लागणे, छातीत दुखणे
• तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज

ही यादी कात्रीने कापून स्वयंपाकघरात चिकटवावी.

आपल्या फडातली बाई

शेवटी एक गोष्ट. लेक आपली असते तेव्हा आपण कळशी उचलू देत नाही. पण हंगामात आपल्याच फडात सातव्या-आठव्या महिन्याची बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. खाडा पडेल म्हणून दुखणे अंगावर काढत जायचे, याचा शेवट कुठे होतो ते या आकड्यांत दिसते. टोळी मुकादमाची असली तरी ऊस आपला आहे. फडावर प्यायचे पाणी, एक आडोसा, आणि तपासणीच्या दिवशी खाडा धरायचा नाही असे मुकादमाला आपण सांगणे, एवढे तर सभासदाच्या हातात आहे. आशाताईंना टोळी आल्याचे कळवले तरी पुष्कळ काम होते.

तात्पर्य, गरोदर बाई तक्रार सांगते तेव्हा "होतंच" म्हणण्यापूर्वी तिला चार प्रश्न विचारावेत : कधीपासून, किती, उतरते का, सोबत आणखी काय होते? उसासाठी आपण हे चार प्रश्न न चुकता विचारतो.

आपला,
ऊस विकास अधिकारी